प्रेशर वॉशर अडला? आधी भिंतीकडे पाहा

यंत्र नुसतेच गुणगुणते, चालता चालता थांबते किंवा सुरू करताच घरभरची वीज जाते. अशा वेळी ते दुकानात परत नेण्याची घाई करू नका. दोष कुठे आहे हे घरच्या घरी, कोरड्या हातांनी आणि क्रमाक्रमाने ओळखता येते. मात्र कुठे थांबायचे, हेही ठाऊक असायला हवे.

लखनौमध्ये ज्येष्ठ महिन्यातल्या मंगळवारांना ‘बडा मंगल’ म्हणतात. अलीगंजच्या हनुमान मंदिराशी जोडलेली ही प्रथा आता साऱ्या शहराची झाली आहे. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे तिथला ज्येष्ठ आपल्या पंचांगापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि ऐन मे महिन्याच्या उन्हात रस्तोरस्ती मांडव पडतात. पुरी-भाजी, बुंदी, सरबत, जे असेल ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढायचे. माझी ताई लग्न होऊन लखनौला गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्या गल्लीतला भंडारा तिच्याच अंगणात होतो. त्या वर्षी मीही तिथे होते.

सोमवारी दुपारी अंगण धुण्यासाठी भावोजींनी नवा प्रेशर वॉशर बाहेर काढला. खटका दाबला, तर यंत्राने नुसता ‘हूं’ असा आवाज काढला. पाण्याचा फवारा काही येईना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच. मग एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणून वेगळ्या ठिकाणी जोडले, तर घरातले पंखे, कूलर, फ्रीज सगळे एकदम बंद! मुख्य बोर्डावरचा आरसीसीबी पडला होता. तो वर केला, पुन्हा पडला.

“नवीकोरी मशीन आणि निघाली खराब!” भावोजी वैतागले. मग त्यांना एक युक्ती सुचली. “जिन्याखाली जुना पॉइंट आहे. त्याची लाइन या आरसीसीबीवरून येत नाही. तिथे लावतो, मग कसा पडतो ते बघू.”

अंगणात बादल्यांनी ओतलेले पाणी साचले होते आणि माझी दोन्ही भाचरे त्यात अनवाणी नाचत होती. ताईने मुलांना आत हाकलले आणि म्हणाली, “थांबा जरा. आधी चाचांना बोलवा.”

वायरमन चाचा आले. त्यांनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिले नाही. म्हणाले, “मशीन बाद में देखेंगे, बहूजी. पहले दीवार दिखाइए.”

तासाभराने उलगडा झाला. यंत्र अगदी ठणठणीत होते. दोष होते ते सगळे यंत्राबाहेर. भर दुपारी व्होल्टेज उतरलेले, त्यात एक्स्टेन्शनची वायर लांब आणि बारीक, आणि तिचा बोर्ड पाण्यात भिजलेला. शिवाय जिन्याखालच्या त्या जुन्या पॉइंटला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. तिथे लावले असते तर यंत्र कदाचित चाललेही असते. पण भिजलेला बोर्ड, अर्थिंग नाही, आरसीसीबीचे संरक्षण नाही आणि पाण्यात उभी असलेली अनवाणी मुले! पुढचा विचार करवत नाही.

प्रेशर वॉशर आता अनेक घरांत आले आहेत. मोटार, स्कूटर, गच्ची, जाळ्या, शेवाळलेल्या फरशा धुण्यासाठी ते सोयीचे असतात. पण घरातल्या फार थोड्या उपकरणांत वीज आणि पाणी इतकी जवळ नांदतात. म्हणूनच त्याचा बिघाड शोधण्याची एक रीत आहे, आणि ती प्रत्येक घरात माहीत असावी.

हे यंत्र चालते तरी कसे?

जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी १९३५ साली स्थापन केलेल्या कंपनीने १९५० मध्ये युरोपातले पहिले गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाई यंत्र बनवले. ती यंत्रे कारखाने आणि गॅरेजसाठी होती. घरात सहज हलवता येईल असे छोटे यंत्र याच कंपनीने १९८४ मध्ये आणले. आज अनेक कंपन्यांची यंत्रे मिळतात, पण आतली रचना बरीचशी सारखीच असते.

एक विजेची मोटर, तिला जोडलेला छोटा पंप, पाणी आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची नळी, आणि चाप असलेली गन, एवढाच हा संसार. घरगुती यंत्राचा दाब साधारण १०० बारच्या पुढे असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट. पाणी मात्र ताशी ३०० ते ४०० लिटरच लागते. मोटर बहुधा दीड ते दोन हजार वॉटची असते.

चाप सोडला की पाण्याची वाट बंद होते, आतला दाब वाढतो आणि त्या दाबाने एक छोटा स्विच मोटर बंद करतो. चाप दाबला की मोटर पुन्हा सुरू होते. हे ध्यानात ठेवा, कारण काही ‘विजेचे’ वाटणारे बिघाड खरे तर पाण्याचे असतात, ते यामुळेच.

मोटरचेही दोन प्रकार आहेत. लहान, स्वस्त यंत्रांत कार्बन ब्रशची मोटर असते. ती मिक्सरसारखी कर्कश ओरडते. मोठ्या यंत्रांत इंडक्शन मोटर असते. तिचा आवाज पाण्याच्या पंपासारखा जड आणि शांत असतो आणि तिला कपॅसिटर लागतो. आपल्या यंत्राचा आवाज ओळखून ठेवला तर मिस्त्रीला सांगताना निम्मे काम होते.

यंत्र अगदीच गप्प असेल तर

खटका दाबूनही काहीच आवाज नसेल तर प्रथम प्लग काढा आणि त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहा. दिवा लागला नाही तर दोष भिंतीत आहे. एमसीबी पडला आहे का, तेही पाहा.

दिवा लागला म्हणजे सॉकेट चांगले, असे मात्र नाही. दिव्याला फार थोडा करंट पुरतो. म्हणून त्यानंतर इस्त्री लावून पाहा. इस्त्री लावताच सॉकेटमधून चर्र असा आवाज आला, किंवा पाच मिनिटांनी प्लग काढल्यावर त्याच्या पिना चांगल्याच तापलेल्या वाटल्या, तर आतली जोडणी सैल आहे. असे सॉकेट बदलून घ्यावे.

सोळाशे वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपियर करंट ओढते. टीव्ही, चार्जर लावतो ते छोटे सॉकेट ६ अँपियरचे असते. ते या यंत्रासाठी नाहीच. गीझर किंवा एसीसाठी असते तसे १६ अँपियरचे, जाड पिनांचे सॉकेट हवे. काही यंत्रांना परदेशी पद्धतीचा दोन गोल पिनांचा प्लग असतो. त्याची अर्थची पट्टी प्लगच्या कडेला असते, आपल्या सॉकेटमध्ये अर्थचे भोक वर असते. असा प्लग आपल्या सॉकेटात नुसता दडपून बसवला तर यंत्र चालते, पण अर्थ जोडलाच जात नाही. अशा वेळी प्लग कापून भारतीय थ्री-पिन प्लग बसवून घ्यावा. मात्र यंत्र वॉरंटीत असेल तर ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थची असते. घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये हेच रंग अनुक्रमे लाल, काळा आणि हिरवा असे असतात.

काही यंत्रांवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते आणि अर्थची वायर नसते. हे चिन्ह नसलेल्या यंत्राला अर्थिंग हवेच हवे.

यानंतर यंत्राची वायर प्लगपासून शेवटपर्यंत पाहा. कुठे चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, प्लगच्या मानेशी मोडली आहे का? तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. ओल्या जागी चालणाऱ्या यंत्राची वायर सांधायची नसते, पूर्ण बदलायची असते.

‘हूं’ करते, पण फिरत नाही

ताईच्या घरी आधी हेच झाले होते. यात सगळ्यात आधी शंका घ्यावी ती व्होल्टेजची. उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात दुपारी आणि रात्री घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात, तेव्हा २३० व्होल्टचे १८० झाले तरी कोणाला नवल वाटत नाही. दिवे थोडे मंद होतात इतकेच. पण इंडक्शन मोटरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. १८० व्होल्टवर ती ताकद सुमारे ६१ टक्केच उरते. पंपात आधीचा दाब अडकलेला असेल तर तेवढ्या ताकदीला तो फिरवणे जमत नाही. मोटर नुसती गुणगुणते आणि आतून तापू लागते.

दुसरी शंका एक्स्टेन्शनची. बाजारात मिळणाऱ्या हलक्या बोर्डांची वायर पुष्कळदा ०.७५ चौरस मिलिमीटरची असते. अशी २० मीटर वायर वापरली तर ७ अँपियरला सुमारे ७ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. सुरू होण्याच्या क्षणी मोटर चार-पाचपट करंट ओढते, तेव्हा ही घट ३० व्होल्टच्या घरात जाते. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून एक्स्टेन्शन लागलेच तर तांब्याची, तीन तारांची, जाड वायर घ्यावी. ती पूर्ण उलगडून ठेवावी. गुंडाळी तशीच ठेवली तर बारीक वायरीत तयार होणारी ५० वॉटच्या आसपास उष्णता आत कोंडते आणि वायरीचे प्लास्टिक मऊ पडते.

तेव्हा अशा वेळी खटका लगेच बंद करा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त गुणगुणू देऊ नका. गनचा चाप दाबून आतला दाब सोडा. मग एक्स्टेन्शन काढून यंत्र थेट १६ अँपियरच्या सॉकेटला लावा आणि चाप दाबलेला ठेवून खटका सुरू करा. सकाळी लवकर, व्होल्टेज चांगले असताना हेच करून पाहा. यंत्र चालले तर त्याच्यात दोष नाही, हे निश्चित.

तरीही नुसताच आवाज येत असेल तर कपॅसिटर गेला असेल, किंवा बरेच महिने पडून राहिल्याने पंप क्षाराने जाम झाला असेल. ही दोन्ही कामे मिस्त्रीची.

इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नका. घरगुती इन्व्हर्टर बहुधा पंखे-दिव्यांपुरता असतो, हा भार त्याला पेलत नाही. फ्रीजचा स्टॅबिलायझरही याला पुरत नाही.

एमसीबी पडला की आरसीसीबी?

मुख्य बोर्डावरचे सगळे खटके सारखेच दिसतात, त्यामुळे पुष्कळ घरांत ‘लाइट गेली, खटका वर कर’ एवढाच व्यवहार असतो. पण कोणता खटका पडला, यातच बिघाडाचे निदान असते.

एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो. करंट फार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले की तो पडतो. आरसीसीबी माणसाचे रक्षण करतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतो की नाही, हे तो सतत पाहत असतो. थोडा जरी करंट ओल्या बोर्डातून, यंत्राच्या अंगातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला, तर तो पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा असतो आणि तेवढी गळती होताच सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश वेळात वीज तोडतो. १६ अँपियरचा एमसीबी पडायला याच्या पाचशेपटीहून जास्त करंट लागतो. म्हणजे एमसीबी माणसाला वाचवेल, ही आशा व्यर्थ आहे. आरसीसीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर खटका पडला नाही तर आरसीसीबी बदलून घ्यावा.

आरसीसीबी पडत असेल तर पुढच्या चार पायऱ्यांनी जावे. प्रत्येक पायरीवर हात कोरडे, पायांत रबरी चप्पल आणि मुले घरात हवीत.

१. यंत्र आणि एक्स्टेन्शन दोन्हींचे प्लग काढा. प्लग ओल्या जागी असेल तर आधी मुख्य स्विच बंद करा. मग आरसीसीबी वर करा. तरीही पडला तर दोष घराच्या वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणात आहे.

२. टिकला, तर फक्त एक्स्टेन्शन लावा, यंत्र नको. आता पडला तर दोषी एक्स्टेन्शन. ताईकडे इथेच चोर सापडला. बोर्डाच्या भोकांतून पाणी आत गेले होते.

३. एक्स्टेन्शन बाजूला ठेवा. यंत्राचा खटका बंद ठेवून त्याचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. पडला तर दोष बहुधा यंत्राच्या वायरीत, प्लगमध्ये किंवा खटक्यात आहे.

४. आता यंत्राचा खटका सुरू करा. तेव्हाच पडला तर मोटरमध्ये ओल आहे किंवा तिच्या कॉइलचे इन्सुलेशन गेले आहे. यंत्र दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी वाळू द्या. तरीही पडला तर दुरुस्तीला द्या.

आरसीसीबी न पडता एमसीबीच पडत असेल, तर त्याच लाइनवर गीझर, इस्त्री वगैरे चालू आहे का ते पाहा. एकट्या यंत्रानेही तो क्षणात पडत असेल तर शॉर्ट सर्किटची शंका घ्या आणि पुन्हा पुन्हा वर करून पाहू नका.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. आरसीसीबी ‘सारखा पडतो’ म्हणून तो काढून टाकणे किंवा त्याला वगळून वायर जोडणे. काही मिस्त्री हा उपाय हसत हसत करून देतात. रुग्णाचा ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखेच हे आहे.

चालता चालता बंद पडते

दहा-पंधरा मिनिटे चालून यंत्र बंद पडले आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाले, तर तो बहुधा बिघाड नाही. मोटर फार तापली की ती बंद करणारा सुरक्षा स्विच आत असतो. त्याने आपले काम केले. मोटर का तापली, हे मात्र शोधावे. कमी व्होल्टेज, बारीक वायर, हवेच्या झरोक्यांवर बसलेली धूळ, किंवा यंत्र भर उन्हात ठेवलेले असणे, ही नेहमीची कारणे. यंत्र सावलीत ठेवा आणि मधे मधे विश्रांती द्या.

आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घरगुती यंत्रांना बहुधा ४० अंशांपर्यंतचेच पाणी चालते. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते. ते यंत्रात गेले की पंपाची सील खराब होतात, आणि पुढे तिथून पाणी झिरपून मोटरकडे जाऊ शकते. म्हणजे उन्हाळ्यात धुलाई पहाटेच केलेली बरी. तेव्हा व्होल्टेजही चांगले असते.

आपोआप चालू-बंद होते

गनचा चाप सोडलेला असताना यंत्र दर काही सेकंदांनी स्वतःच सुरू होऊन बंद होत असेल, तर वीज नव्हे, पाणी तपासा. नळीच्या जोडात, गनमध्ये किंवा पंपात कुठेतरी गळती आहे. दाब उतरतो, स्विचला वाटते चाप दाबला, आणि मोटर सुरू होते. बहुतेक वेळा जोडातली एखादी रबरी रिंग बदलली की काम होते.

उलट, चाप सोडूनही मोटर थांबतच नसेल तर तो दाबाचा स्विच अडकला आहे. खटका बंद करा आणि दुरुस्तीला द्या. चाप दाबलेला असताना फवारा उचक्या देत असेल तर पाणी पुरेसे येत नाही. नळ पूर्ण उघडा, आत जाणाऱ्या तोंडाची जाळी काढून धुवा. गच्चीवरच्या टाकीचे पाणी कमी दाबाने येत असेल तर नळी जाड घ्या.

ठिणग्या आणि जळका वास

कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये झरोक्यातून बारीक निळसर ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे. पण ठिणग्यांचे कडे दिसू लागले, मोटर अडखळू लागली किंवा ठोकल्यावर चालू लागली, तर ब्रश झिजले आहेत. ते स्वस्त असतात आणि मिस्त्री थोड्या वेळात बदलून देतो. लखनौत लाटूश रोडवर असे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. आपल्या शहरातही मोटर-पंपांच्या बाजारात ते मिळतात. जुना ब्रश नमुन्याला न्यावा. कॉइल जळाल्याचा उग्र वास आला किंवा धूर दिसला तर मात्र लगेच मुख्य स्विच बंद करा. ते यंत्र पुन्हा लावून ‘बघू चालते का’ असे करू नका.

इथे हात लावायचा नाही

घरच्या माणसाने प्लग, सॉकेट, एक्स्टेन्शन, पाण्याची जाळी आणि बाहेरून दिसणारी वायर इतकेच पाहावे. यंत्राचे झाकण उघडू नये. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते आणि तिचा झटका जोरदार असतो. शिवाय वॉरंटीच्या काळात झाकण उघडले की बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात.

यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ‘थोडासाच करंट आहे’ म्हणून पुढे चालू नका. ती शेवटची सूचना समजा. यंत्राला हात न लावता मुख्य स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सगळे ठीक, हाही भ्रम आहे. त्यावरून फेज आहे इतकेच कळते. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले आहेत की नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी मीटर असलेला मिस्त्रीच हवा. आरसीसीबी असला तरी बेफिकीर राहू नये. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला तर त्याला गळती दिसत नाही आणि तो पडत नाही.

फवारा स्विच, मीटर, कूलर किंवा एसीच्या दिशेने कधीही मारू नये. प्लगची जोडणी जमिनीवर नको, उंच आणि कोरड्या जागी हवी. काम संपले की आधी खटका बंद, मग कोरड्या हाताने प्लग काढायचा आणि शेवटी चाप दाबून उरलेले पाणी सोडायचे.

कोणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मुख्य स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून दूर करा. लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोराने दाब देत राहा. माणूस शुद्धीवर असला तरी डॉक्टरांना दाखवाच. हृदयाच्या ठोक्यांतला दोष बाहेरून दिसत नाही.

त्या दिवशी चाचांनी भिजलेला बोर्ड फेकायला लावला, जिन्याखालच्या पॉइंटची लाइन आरसीसीबीवर घेतली, अर्थ जोडला आणि मगच भावोजींना खटका दाबू दिला. तोवर संध्याकाळ झाली होती, तरी व्होल्टेज काही चढले नव्हते. यंत्र पुन्हा गुणगुणून थांबले. भावोजी काही बोलले नाहीत. त्यांनी खटका बंद केला, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला प्लग लावून वीस मिनिटांत सारे अंगण लख्ख केले. आठ वाजता मांडवात पुऱ्या तळायला सुरुवात झाली.

ताईच्या मुख्य बोर्डाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. मराठीत आणि हिंदीत तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे: ‘हा खटका आपोआप पडला तर लगेच वर करू नये. का पडला ते आधी शोधावे.’ प्रेशर वॉशर घरात असो वा नसो, असा एक कागद प्रत्येक घरात लावण्यासारखा आहे.